ओळखीच्या माणसाच्या ईमेलमधल्या अटॅचमेंटमधूनही व्हायरस येतो का?

येतो की! उलट ओळखीचं नाव दिसलं की आपण बेसावध होतो. २००० साली ‘आय लव्ह यू’ व्हायरस असाच पसरला: एकाने फाइल उघडली की त्याच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना मेल. फाइलच्या नावाशेवटी होतं ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ (व्हीबीएस म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्रॅम), पण विंडोज शेवटचा तुकडा लपवतं, त्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटायची. ही लपवालपवी अजूनही चालू आहे, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये (विंडोज ११ असेल तर त्यातल्या ‘शो’मध्ये) जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. बिल म्हणून आलेल्या फाइलशेवटी ईएक्सई किंवा जेएस दिसलं तर ते बिल नाही, प्रोग्रॅम आहे; सरळ डिलीट. वर्डच्या फाइलने ‘एनेबल कंटेंट’ मागितलं तर दाबू नका, त्याने फाइलमध्ये दडलेला प्रोग्रॅम चालू होऊ शकतो. शंका असेल तर पाठवणाऱ्याला फोन करा. त्याच मेलला उत्तर देऊन विचारण्यात अर्थ नाही, त्याचं खातं चोराच्या हातात असेल तर उत्तर चोरच देईल.