दीड महिन्याचं बाळ पाजल्यावर सारखं दूध ओकतं. दुधाची अ‍ॅलर्जी असेल का? काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ अंगावर पितं, रात्री एकदा पावडरचं दूध देता, पाजून झालं की भळकन ओकतं, कमान करून रडतं आणि आता शीमध्ये चिकट तार दिसायला लागलीय. डॉक्टरांनी थेंब दिलेत, पण फरक नाही, आणि घरात अंगावरचं दूध बंद कर म्हणून मागे लागलेत. माझ्या लेकीचं अगदी असंच होतं. ती आता तीन वर्षांची आहे. अंगावरचं दूध बंद करू नका, एवढं आधी सांगते. का ते पुढे येईलच.

त्याही आधी एक बघा. उलटी हिरवी होतेय का? तिच्यात रक्त आहे का? पोट फुगून टणक झालंय, बाळ मलूल आहे, प्यायलाच मागत नाही, शू कमी झालीय, टाळू फुगलीय किंवा खोल गेलीय, अंग तापून ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेलाय, यातलं एक जरी असलं तरी हे वाचणं सोडा आणि दवाखान्यात निघा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तिथे सकाळची वाट बघायची नसते. दूध पिचकारीसारखं लांब उडतंय, दिवसागणिक वाढतंय आणि ओकल्यावर बाळ लगेच भुकेलं होतंय, असं असेल तरी त्याच दिवशी दाखवा. या वयात जठराचं आतड्याकडचं तोंड जाड होऊन आवळतं, ते सोनोग्राफीत दिसतं आणि छोट्या ऑपरेशनने पूर्ण बरं होतं.

यातलं काहीच नसेल, तर पहिला प्रश्न वजनाचा. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी माझं सगळं ऐकायच्या आधी लसीकरणाचं कार्ड उघडून वजनं बघितली. जन्मानंतर उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला 20 ते 30 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. मग मी म्हटलं, अहो, प्यायलेलं सगळंच बाहेर येतं. त्यांनी टेबलावर दुपटं पसरलं आणि त्यावर दोन चमचे पाणी ओतलं. एवढा मोठा ओला डाग पडला की मला वाटीभर वाटलं. तेव्हा डागावर जाऊ नका. वजन करताना काटा एकच ठेवा, लंगोट काढून आणि पाजायच्या आधी करा. आशाताई बाळ 42 दिवसांचं होईपर्यंत घरी येऊन वजन करतात, त्या नोंदीही जपून ठेवा.

तान्ह्या बाळाची अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप अजून सैल असते, आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. त्यामुळे दूध वर येणारच. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. ओकतंय पण हसतंय, वजन घेतंय, अशा बाळाला औषध लागत नाही. थोडं थोडं पाजा, मध्येच ढेकर काढा, पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट जागेवर, उशी न देता. ओकून ठसका लागेल या भीतीने पालथं किंवा कुशीवर झोपवू नका. ते धोक्याचं आहे.

थेंबांबद्दल. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार संस्थांनी 2018 मध्ये मिळून ज्या सूचना काढल्या, त्यांत नुसतं ओकणं किंवा रडणं एवढ्यावरून आम्ल कमी करणारी औषधं देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलंय. उलटी थांबवायला देतात त्या डॉम्पेरिडोन या औषधाचीही शिफारस नाही. त्याच सूचना म्हणतात की साध्या उपायांनी त्रास कमी झाला नाही, तर आम्लाच्या औषधाआधी दोन ते चार आठवडे गाईच्या दुधातली प्रथिनं बंद करून बघावीत. थेंब तुमच्या मनाने बंद करू नका, पण पुढच्या भेटीत विचारा, ‘हे कशासाठी आणि किती दिवस?’ तो तुमचा हक्क आहे.

आता दुधाचं. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत माझं लक्ष ओकण्यापेक्षा त्या चिकट शीकडे गेलं. शेंबडासारखी शी, तिच्यात रक्ताची रेघ, अंगावर खरखरीत पुरळ, पाजताना तोंड फिरवून रडणं, हे एकत्र आलं की अ‍ॅलर्जीचा विचार करतात. ही लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची, गोष्ट नव्हे. जन्मतःच लॅक्टोज न पचणारी बाळं अतिशय विरळा असतात, त्यामुळे लॅक्टोज नसलेली पावडर आणून इथे काही साधत नाही. त्रास प्रथिनांचा असतो. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातही बरीचशी तशीच प्रथिनं असतात, म्हणून तेही चालत नाही. सहा महिन्यांच्या आत सोयाही सहसा देत नाहीत. वरचं दूध द्यावंच लागलं, तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर डॉक्टर लिहून देतात. ती महाग असते, आणि म्हणूनच अंगावरचं दूध जपायचं. आईने खाल्लेल्या दुधाचा अगदी थोडा अंश तिच्या दुधात उतरतो. तेव्हा बदल आईच्या ताटात करायचा, बाळाचं पाजणं तोडायचं नाही.

आपल्याकडे बाळंतिणीचं ताट म्हणजे सगळं दुधातुपाचं. सकाळी दुधातली अळिवाची खीर, मग शतावरी कल्प घालून दूध, डिंकाचे लाडू तुपातले, भातावर तूप, रात्री हळदीचं दूध. माझ्या आईने किती मायेने केलं होतं सगळं! ते थांबवायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तिला डॉक्टरांसमोरच बसवलं, त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा पटलं. मग तिनेच वाट काढली: अळीव नारळाच्या दुधात भिजवून गूळ घालून खीर, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, पालेभाज्या, तेलाची फोडणी. दही, ताक, पनीर, खवा, लोणी बंद, आणि प्रथिनांचा अंश राहतो म्हणून तूपही बंद. बिस्किटं आणि ब्रेडच्या पाकिटामागे अ‍ॅलर्जनची, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची, ओळ असते, तिथे दूध लिहिलेलं असलं की ते परत कपाटात. मला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या, तुम्हीही विचारून घ्या.

आमच्या घरी आधी शीमधला शेंबूड गेला, रडणं निवळायला जास्त वेळ लागला. ओकणं तर बरेच महिने चालू होतं, फक्त ते त्रासाचं राहिलं नाही. यानंतरचा भाग बरेच जण टाळतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: दूध पुन्हा सुरू करून बघणं. बाळ शांत झालं की तसंच चालू ठेवावंसं वाटतं, पण दिवस जातात तसं बाळ नुसत्या वयानेही सुधारतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा दूध प्यायले आणि दोन-तीन दिवसांत शी परत चिकट झाली, तेव्हा निदान पक्कं झालं. अ‍ॅलर्जी नसती आणि हे करून बघितलं नसतं, तर मी विनाकारण वर्षभर दुधाविना राहिले असते. उशिरा त्रास देणाऱ्या या प्रकारच्या अ‍ॅलर्जीत रक्ताची तपासणी बहुधा काहीच दाखवत नाही, म्हणून अ‍ॅलर्जीच्या महागड्या रक्ततपासण्या करायची घाई नको. मात्र दूध पोटात गेल्यावर लगेच किंवा तास-दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरला, तर ते वेगळं. तिथे घरी प्रयोग करायचाच नाही.

गुटी, ग्राइप वॉटर, मधाचं बोट, यातलं काही नको. वर्षाच्या आत मध तर अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

दाखवायचं बालरोगतज्ज्ञांना. वजन अडलं किंवा रक्त थांबलं नाही तर ते बालपोटविकारतज्ज्ञाकडे पाठवतील, मोठ्या शहरांत असतात. जाताना कार्ड न्या, शीचे फोटो उजेडात काढून ठेवा, पाजताना कमान करतं त्याचा छोटा व्हिडिओ घ्या, आणि दोन-तीन दिवस कधी पाजलं, कधी ओकलं, तुम्ही काय खाल्लं ते वहीत लिहा. दवाखान्यात पोचल्यावर बाळ हमखास गाढ झोपलेलं असतं, तेव्हा हेच कामी येतं. दीड महिन्याच्या लसी दुधाच्या अ‍ॅलर्जीच्या शंकेने चुकवू नका. शीमध्ये रक्त दिसलं असेल तर रोटाव्हायरसच्या लसीचे थेंब द्यायच्या आधी तेवढं सांगा.