वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाच्या क्रीडा पदाधिकारी निवडणुकीला उभे राहताना

प्रश्न : मी मूळची सांगलीची असून सध्या इंग्लंडमधील एका विद्यापीठात एम.एस्सी. करीत आहे आणि येथील बॅडमिंटन क्लबची खजिनदार आहे. विद्यार्थी संघाच्या ‘स्पोर्ट्स ऑफिसर’ या वर्षभराच्या पूर्णवेळ पदासाठी मी अर्ज भरावा, असा मैत्रिणींचा आग्रह आहे. परंतु विद्यापीठाच्या पहिल्या संघात मी कधीच खेळलेले नाही, रग्बी आणि हॉकीवाल्यांसारखा गोतावळा माझ्यापाशी नाही, शिवाय विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ काम करता येत नाही, असे ऐकले आहे. उभे राहावे का?

उत्तर : व्हिसाची शंका आधी निकालात काढू. सत्र चालू असताना पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, हे खरे. मात्र विद्यार्थी संघात निवडून आलेल्या पूर्णवेळ पदाधिकाऱ्याला या नियमातून सूट आहे आणि ते पद जास्तीत जास्त २ वर्षे सांभाळता येते. १९९४ च्या ब्रिटिश शिक्षण कायद्यानेही अशा सवेतन पदांना एकूण २ वर्षांचीच मर्यादा घातली आहे, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांनाही याहून अधिक मिळत नाही. गमतीचा भाग असा की, ज्या व्हिसावर साऱ्या विद्यापीठाच्या खेळांचा कारभार पाहता येतो, त्याच व्हिसावर पैसे घेऊन कोणाला बॅडमिंटन शिकवता येत नाही.

पहिल्या संघात न खेळल्याची खंत मात्र मनातून काढून टाकावी. हे पद उत्तम खेळाडूला दिलेला मान नव्हे. ती पगारी नोकरी आहे, आणि बहुतेक विद्यार्थी संघ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असल्याने या पदाधिकाऱ्यावर अनेकदा विश्वस्ताची कायदेशीर जबाबदारीही येते. रोजचे काम म्हणजे हॉलच्या वेळांचे वाटप, क्लबांच्या अनुदानाची ओढाताण, बाहेरगावच्या सामन्यांसाठी मिनीबस, आणि नवागतांना दारू पाजून ‘सामावून घेण्याच्या’ प्रथेवरील तक्रारी. हे सर्व निस्तरताना जोरकस स्मॅशपेक्षा खजिनदाराची वही अधिक कामाला येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोतावळ्याचा प्रश्न खरा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात होते तसेच येथेही बहुतेक ठिकाणी पसंतीक्रमाने मतदान होते. रग्बीचे दोन आणि हॉकीचा एक असे उमेदवार उभे राहिले, तर त्यांची पहिल्या पसंतीची मते आपापसांत विभागली जातात आणि मागे पडलेल्या उमेदवाराची मते दुसऱ्या पसंतीनुसार पुढे सरकतात. म्हणून मोठ्या क्लबांच्या सदस्यांकडेही निःसंकोच जावे आणि ‘पहिले मत तुमच्या माणसाला द्या, दुसरे मला द्या’ असे सरळ सांगावे. मतपत्रिकेवर ‘पुन्हा अर्ज मागवा’ हा पर्यायही असतो, त्यामुळे समोर कोणीच नसले तरी प्रचार टाळता येत नाही.

जाहीरनाम्यात ‘सर्वांसाठी खेळ’ असली वाक्ये नकोत. ब्रिटनमधील आंतरविद्यापीठ स्पर्धा २००८ मध्ये स्थापन झालेली ‘बक्स’ ही संस्था भरवते आणि तिचे बहुतेक सामने बुधवारी दुपारी होतात. ज्यांचा बुधवार प्रयोगशाळेत जातो, जे नुसते हौसेने खेळतात, किंवा ज्यांना रात्री दहानंतरचाच हॉल मिळतो, असे विद्यार्थी तुमच्याच क्लबात भरपूर असतील. त्यांच्यासाठी नेमका कोणता वार, कोणता हॉल आणि किती वाजता मागणार, हे लिहावे. मात्र हॉल विद्यार्थी संघाच्या ताब्यात आहे की विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या, हे आधी विचारून घ्यावे. जे आपल्या हाती नाही त्याचे आश्वासन देणारा उमेदवार पहिल्याच प्रश्नोत्तराच्या सभेत उघडा पडतो. प्रचाराच्या खर्चाला मर्यादा असते, तेव्हा प्रत्येक पावती जपून ठेवावी. खजिनदाराला हे सांगायला नको.

प्रश्न : माझी मुलगी अशाच पदावर निवडून आली आहे, पण तिचे पदवीचे शेवटचे वर्ष अजून बाकी आहे. शिक्षण मध्येच थांबवणे योग्य आहे का? — एक पालक, ठाणे

उत्तर : शिक्षणात वर्षभराचा खंड घेऊन, अथवा अभ्यासक्रम संपल्यावर लगेचच्या शैक्षणिक वर्षात, अशा दोन्ही प्रकारे हे पद घेता येते, त्यामुळे यात वावगे काही नाही. मात्र व्हिसाची मुदत आपोआप वाढत नाही. विद्यापीठाकडून नवे प्रवेश-पुष्टीपत्र घेऊन पुन्हा अर्ज करावा लागतो आणि त्याचे शुल्क व आरोग्य अधिभार बराच असतो. तो कोण भरणार, हे पद स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारावे. शेवटच्या वर्षाचे शुल्क वाढल्यास जुना दर लागू राहील का आणि शिष्यवृत्ती असल्यास ती वर्षभर राखून ठेवता येईल का, याचेही उत्तर तिने ईमेलवर मागवून घ्यावे.