घिबली घ्या, पण मुलीच्या शिक्षणाच्या पैशांतून नको

प्रश्न : वय ४६. पिंपरी-चिंचवडला सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. म्युच्युअल फंडांत ६२ लाख आहेत, मुलीच्या शिक्षणाचे पैसेही त्यातच. ती चार वर्षांनी परदेशी जाईल. इटलीच्या मासेराती कंपनीची २०१९ ची पेट्रोल घिबली ही गाडी ४८ लाखांत मिळते आहे. ब्रँड शंभर वर्षांचा, त्यात मॉडेल बंद झालंय, म्हणून भाव चढणारच असं एजंट म्हणतो. फंड मोडून घेऊ का? सीए म्हणतात, कर वाचवायला फर्मच्या नावावर घ्या.

उत्तर : फंड मोडू नका. गाडीचं पुढे बघू, आधी एजंटाचं बोलणं तपासू.

मासेरातीचा वारसा अस्सल आहे. १९१४ साली बोलोन्यात अल्फिएरी मासेरातीने भावांना घेऊन काढलेलं हे गॅरेज. गाडीवरचा त्रिशूळ चित्रकार भाऊ मारिओने गावच्या चौकातल्या नेपच्यूनच्या पुतळ्यावरून घेतला. मासेरातीने १९३९ आणि १९४० ला लागोपाठ अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत मारली, १९५७ ला फांजिओ हा ड्रायव्हर मासेरातीची २५०एफ ही रेसिंग कार चालवून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. पण या इतिहासाची किंमत त्या काळच्या गाड्यांना मिळते. १९६७ ची घिबली नामवंत डिझायनर जुजारोने रेखाटली होती आणि सगळ्या मिळून तेराशेच्या आसपासच बनल्या. संग्राहक शोधतात ती ही. २०१३ साली तेच नाव चार दारांच्या सेदानला दिलं गेलं. ती तुरीनजवळच्या कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडली आणि २०२३ ला थांबली. तुम्हाला दाखवली ती ही दुसरी. तिचं सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन इटलीतल्या मारानेल्लोला फेरारीकडे बनलेलं आहे, आवाज ऐकला की माणूस पाघळतो हे मान्य.

मॉडेल बंद पडलं म्हणून भाव चढत असते, तर मासेरातीचीच १९८१ ची बायटर्बो आज सोन्याच्या भावाने गेली असती. तिच्या बिघाडांची बदनामी अजून पुसली गेलेली नाही.

नव्या गाड्यांनाही सध्या उठाव नाही. २०२३ मध्ये मासेरातीने २६ हजारांवर गाड्या पाठवल्या, २०२४ मध्ये ११ हजारांच्या आसपास. आज ग्रेकाले, ग्रॅनटुरिझ्मो, ग्रॅनकॅब्रिओ आणि एमसीपुरा एवढीच मुख्य मॉडेलं कंपनी विकते, सेदान एकही नाही. अशा वेळी जुन्या सेदानला चढा भाव देणारं गिऱ्हाईक कुठून येणार? नवी असताना कोटीच्या वर असलेली ही गाडी ४८ वर आली, यातच उत्तर आहे.

आता तुमचं गणित. फंड इक्विटीचे, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणारे, आहेत आणि काढलेल्या ४८ लाखांत नफा २२ लाखांचा आहे असं धरलं, तर करमुक्त सव्वा लाख वजा जाता साडेबारा टक्क्यांनी, सेस धरून, साधारण २ लाख ७० हजार कर लागेल. उरलेल्या चौदा लाखांतून हाही भरायचा आणि मुलीलाही पाठवायचं! शिवाय चार वर्षांवर आलेला खर्च सगळाच इक्विटीत असेल तर तेही मला पसंत नाही. आतापासून दर सहा महिन्यांनी थोडी रक्कम डेट फंडात (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या) किंवा एफडीत वळवा. गाडीपेक्षा हे काम तातडीचं आहे.

सीएंचा सल्ला बेकायदा नाही, पण त्याने फार हाती लागत नाही. घसारा, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीपोटी खर्चात धरायची रक्कम, १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ७ लाख २० हजार. ३० टक्क्यांच्या हिशेबाने कर वाचेल सव्वादोन लाखांच्या आत, त्यातूनही घरगुती वापराचा भाग वजा होऊ शकतो. जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वळता करणं, अशा गाडीला मिळत नाही.

विम्याचंही बघा. पाच वर्षं उलटलेल्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, विमा कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवायची असते. तुम्ही ४८ मोजलेत म्हणून चोरी झाल्यावर ४८ हातात पडतील असं नाही. विमा, टायर, सर्व्हिस यांसाठी मी तरी वर्षाला चार-पाच लाख वेगळे काढायला सांगेन.

हौस म्हणून घ्यायची असेल तर माझी ना नाही. धंद्याच्या नफ्यातून वेगळं खातं उघडा आणि दोन वर्षं त्यात पैसे टाका. तोवर ही गाडी आणखी उतरलेली असेल. तेव्हाही मन तिच्यावरच असेल तर सर्व्हिसची पहिल्यापासूनची बिलं मागा, जवळचं अधिकृत वर्कशॉप कुठलं ते बघा आणि गिअरबॉक्सचा पार्ट परदेशातून यायला किती दिवस लागतात ते त्या वर्कशॉपकडून लेखी घ्या. बिलं देताना एजंट टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.