जुन्या हायब्रिड गाडीचं कुठलं काम खरंच करायला पाहिजे आणि कुठलं नुसतंच बिल वाढवणारं?

तुम्ही विचारलंय की हायब्रिड १२ वर्षांची झाली, १,९०,००० किमी झाले, आणि सर्व्हिसिंगला दिल्यावर हातात भलीमोठी यादी आली, मोठी बॅटरी (मोटर चालवणारी) बदला, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, दोन्ही कूलंट, गिअरबॉक्स ऑइल, ब्रेक, तर यातलं खरं किती? मी मेकॅनिक नाही, पण अशीच एक म्हातारी हायब्रिड बरीच वर्षं सांभाळतोय आणि एकदा मोठ्या खर्चात पडता पडता वाचलोय, म्हणून लिहितो.

झालं असं की एका सकाळी स्टार्टचं बटण दाबलं तर डॅशबोर्डवरचे एकूण एक दिवे लागले, ब्रेकचा, स्टिअरिंगचा, हायब्रिडचा, सगळेच, आणि गाडी काही 'रेडी' (म्हणजे चालायला तयार) होईना. टो करून गॅरेजला नेली तर त्यांनी स्कॅनरसुद्धा न लावता सांगून टाकलं, मोठी बॅटरी गेली. मी म्हटलं थांबा जरा, आणि मल्टिमीटर लावून १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघितली, ती ११.४ दाखवत होती. छोटी बदलली, दिवे गेले, आणि ती 'गेलेली' मोठी बॅटरी त्यानंतर चार वर्षं झाली तरी चालतेय.

यात गंमत अशी की बहुतेक फुल हायब्रिडमध्ये (म्हणजे थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या गाड्यांत) छोटी बॅटरी इंजिन फिरवतच नाही, ते काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. छोटी फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेचे स्विच, जोडते, त्यामुळे ती मरायला टेकली तरी साध्या गाडीसारखा घरघर आवाज येत नाही, आपल्याला पत्ताच लागत नाही, कॉम्प्युटर मात्र वेड्यासारखे वागायला लागतात. म्हणून पहिलं काम हे करा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू करायच्या आधी व्होल्टेज मोजा. १२.५ च्या आसपास असेल तर ठीक, १२ च्या खाली असेल तर आधी तिच्याकडे बघा. ती डिकीत किंवा सीटखाली असेल तर नवीन घेताना वेंट पाइप जोडता येणारी, कंपनीने सांगितलेल्या टाइपचीच घ्या.

आता मोठी बॅटरी. वय झालं म्हणून ती बदलायची नसते, मोजून बदलायची असते. उदाहरणार्थ दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये मोठ्या बॅटरीत २८ मॉड्यूल, म्हणजे छोटे बॅटरी-भाग, असतात, प्रत्येकी ७.२ व्होल्टची, आणि कॉम्प्युटर ती दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे १४ ब्लॉक करून बघतो. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप असलं की हे आकडे आपल्यालाही दिसतात. जोरात पिकअप घेताना सगळे ब्लॉक खाली येतात, ते नॉर्मल आहे, पण एखादाच बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर किंवा जास्त खाली जात असेल तर तो दमलाय समजा. चार्जच्या काड्या मिनिटा-दोन मिनिटांत भरणं आणि रिकाम्या होणं, बॅटरीचा पंखा सारखा जोरात फिरणं, ॲव्हरेज पडणं ही बाकीची लक्षणं. आणि कोणी 'एकच सेल (म्हणजे एकच मॉड्यूल) बदलून देतो, स्वस्तात होईल' म्हणालं तर नीट विचार करा, बाकीची मॉड्यूल त्याच वयाची असतात, काही महिन्यांनी दुसरं जातं, मग तिसरं.

बॅटरीला मारते ती मुख्यतः उष्णता. हवेने थंड होणारी बॅटरी असेल तर मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथून पंखा हवा ओढतो, आणि आपण नेमकी तिथेच बॅग, चादर, काय वाट्टेल ते टेकवून ठेवतो. माझ्या गाडीतून कुत्र्याच्या केसांचा अख्खा गोळा निघाला होता. जाळी आणि पंखा साफ करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम, आणि तुमच्या यादीत नेमकं तेच नाहीये!

कूलंट मात्र टाळू नका. बऱ्याच हायब्रिडमध्ये कूलंटच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक इंजिनची, एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग), आणि दुसरी लोक विसरतात. गाडी रेडीमध्ये ठेवून इन्व्हर्टरच्या टाकीत डोकावा, कूलंट हलताना दिसलं पाहिजे. हललं नाही तर पंप तपासून घ्या, पंपाचा खर्च परवडतो, इन्व्हर्टरचा नाही.

ब्रेकचं उलटं आहे. मोटरच गाडी हळू करत असल्यामुळे पॅड खूप टिकतात, पण कमी वापरामुळे कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात, म्हणून पॅड बदलण्यापेक्षा पिना काढून साफ करून ग्रीस लावून घ्या. ब्रेक फ्लुइड दोन-तीन वर्षांनी बदला, आणि बऱ्याच मॉडेलला त्यासाठी स्कॅनर लागतो, तो नसलेल्याकडे देऊ नका.

गिअरबॉक्स ऑइल 'लाइफटाइम' म्हणतात पण १,९०,००० ला मी बदलीन, नुसतं काढून नवीन भरायचं, मशीनने फ्लश नको. इंजिन ऑइल वेळच्या वेळी, शिवाय मधेमधे डिपस्टिक बघा, जुनं इंजिन ऑइल प्यायला लागतं. इरिडियम स्पार्क प्लग इतक्या किमीनंतर बदलायला हरकत नाही, मूळचेच असतील तर.

इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग, काही लक्षण नसेल तर सरळ खोडा. अल्टरनेटरचा बेल्ट कोणी लिहिला तर हसा, फुल हायब्रिडला बहुधा अल्टरनेटरच नसतो. एसीचं काम निघालं तर एकच विचारा, कॉम्प्रेसरमध्ये कुठलं ऑइल घालणार, कारण हायब्रिडचा कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो, त्याला वीज न वाहू देणारं वेगळं ऑइल लागतं, साधं घातलं तर इन्सुलेशनचा फॉल्ट येतो आणि गाडी रस्त्यात बसू शकते. आणि नारिंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टेजच्या, वायरींना स्वतः हात लावू नका, मीही लावत नाही.

तुम्ही सध्या एवढंच करा, गॅरेजकडून प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज लिहून मागा, स्कॅनरवर कुठला कोड आला तोही. मिळालं तर इथे टाका, बघून सांगतो.