झाडीपट्टीचं पहिलं नाटक पाहायला येतोस, तर ऐक

बाबू, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, भरू लागली की आमच्याकडं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा पडदा पुन्हा उघडतो तो होळीपर्यंत. बहुतेक नाटक कंपन्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या. तिथून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावांत नाटक जातं. २०२० मध्ये कोरोनानं सारं थांबवलं होतं. तेव्हापासून हंगामाची पहिली घंटा ऐकली की माझा गळा दाटून येतो.

दुपारी पोटभर झोप घेऊनच ये. नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं आणि पार उजाडेपर्यंत चालतं. तीन तासांचा खेळ समजून आलास तर मधेच पेंगशील. शाल, कानटोपी हवीच, धानाच्या बांध्यांतलं दव पहाटे हाडांत शिरतं.

जागा धर वादकांच्या बाजूची. पहिल्या रांगेचा हट्ट नको. गाणं लांबवायचं की आवरायचं, हे नट नुसत्या डोळ्यांनी सांगतो. तबलजी त्याच्या ओठांवर नजर ठेवून असतो आणि नेमकी सम गाठतो. हे एकदा दिसलं की नाटक वेगळंच ऐकू येतं. ‘वन्स मोअर’ आला तर तूही मनापासून दे.

मधल्या लावण्या पाहून काही शहरी पाहुणे नाकं मुरडतात. तू तसं करू नकोस. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि शेवटच्या अंकात उठू नकोस. मी एकदा चहाला गेलो आणि बाप-लेकीची भेट हुकली. परतलो तेव्हा शेजारची म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.