मोठ्या संख्येचे अवयव शोधताना

कॅल्क्युलेटरला आधी हात लावू नका. ४२९४९६७२९७ घ्या, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम इथे विसरा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा. मग आलटूनपालटून वजा-अधिक करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. आता ३८० ला ७, ११ किंवा १३ ने भाग जात नाही, म्हणून त्या मोठ्या संख्येलाही जात नाही. तिन्ही एका फटक्यात निकालात, कारण ७ × ११ × १३ = १००१. ही युक्ती मला फार आवडते.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रेंच गणितज्ञ फर्माला ती मूळ संख्या वाटत होती. स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव दाखवले. सरसकट भागत बसू नका, आधी संख्येची घडण बघा. हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. म्हणून तपासायच्या मूळ संख्या एवढ्याच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या संख्येने नि:शेष भाग जातो, भागाकार ६७००४१७. तो वहीत हातानेच करा.