फ्लॅट विका, पण परतीचं तिकीट देणगीत घालू नका

प्रश्न थोडक्यात असा. नवरा 42 वर्षांचा, चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात 14 वर्षं नोकरी. बायको 39 वर्षांची, परिचारिका. मुलगी सहावीत, वडील 71 वर्षांचे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावी. दोघांना दक्षिण मलावीतल्या एका मिशन रुग्णालयातून चार वर्षांच्या सेवेचं बोलावणं आहे, मे महिन्यात निघायचंय. राहायला घर मिळेल, मानधन स्थानिक चलनात साधारण 20,000 रुपयांइतकं. दोन मंडळ्या (चर्च) आणि नऊ कुटुंबांनी मिळून दरमहा 48,000 रुपयांचं वचन दिलंय. मिशनने काढून दिलेला घरखर्च 62,000. मोशीतला फ्लॅट दोघांच्या नावावर, 2013-14 मध्ये 29 लाखांना घेतलेला, आज 55 लाखांचा. कर्ज 16 लाख बाकी, हप्ता 19,500. शिवाय मुदतठेव 6 लाख, म्युच्युअल फंड 5 लाख, दोघांचा पीएफ 14 लाख. विचारणा अशी: ‘फ्लॅट विकून येणारी सगळी रक्कम सेवेला द्यावी असं मनात आहे. हातात पैसे ठेवून जाणं म्हणजे विश्वास कमी असणं का? आणि पैसे कमी पडले तर?’

सलाम. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं की नाही हे तुम्ही दोघं आणि तुमचे पाळक ठरवाल, तो माझा प्रांत नाही. माझं म्हणणं हिशोबापुरतं आहे: फ्लॅट विकावा, आणि येत्या 31 मार्चच्या आत विकावा. पण आलेली रक्कम देऊन टाकू नका. मिशनच्या अंदाजपत्रकात जाण्याचा खर्च आहे, राहण्याचा आहे. परत येऊन पुन्हा संसार मांडण्याचा रकाना कुठेच दिसत नाही, आणि या तीन रकान्यांतला तोच सगळ्यात जड असतो.

आधी विक्रीचं कारण. कुणी सुचवेल की फ्लॅट ठेवा, भाड्याने द्या. भाडं 15,000 येईल असं तुम्ही लिहिलंय. पण मेमध्ये गेलात की आयकराच्या दृष्टीने तुम्ही त्या वर्षी अनिवासी, आणि अनिवासी घरमालकाच्या भाड्यातून भाडेकरूने 31.2 टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. म्हणजे 4,680 कापले जाणार, हातात 10,320. हप्ता 19,500. दरमहा 9,180 ची खोट, वर सोसायटीचा मेंटेनन्स, आणि दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना. रिटर्न भरल्यावर कापलेला कर परत मिळेल हे खरं, पण तो वर्षभराने मिळतो आणि हप्ता पाच तारखेला जातो. त्यात बहुतेक भाडेकरूंना हा नियमच ठाऊक नसतो. ठाऊक झाला की ते एक तर घर सोडतात, नाहीतर कर न कापता नोटीस ओढवून घेतात. वचनाच्या देणग्यांवर चालणाऱ्या घराला कर्जाचा हप्ता झेपत नाही. देणगी महिनाभर उशिरा आली तर चालवून घेता येतं, बँक तसं चालवून घेत नाही. ब्रिस्टलच्या अनाथालयांसाठी कुणाकडे पैसे न मागणारे जॉर्ज म्यूलर कर्जही काढत नसत, आणि दरवर्षी हिशोब छापत. त्यांच्या प्रार्थनेबद्दल सगळे बोलतात, या दोन सवयींबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता 31 मार्च का, ते बघा. निवासी असताना विकलात तर जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांकाचा फायदा घेऊन 20 टक्क्यांनी कर काढता येतो. 2013-14 चा निर्देशांक 220, 2025-26 चा 376. तुमचे 29 लाख वाढून 49.56 लाख होतात, नफा उरतो 5.44 लाख, आणि सेससह कर 1.13 लाख. हेच अनिवासी होऊन विकलंत तर निर्देशांक गेला: 26 लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि सेस, म्हणजे 3.38 लाख. सव्वादोन लाखांचा फरक निव्वळ तारखेचा. शिवाय निवासी विक्रेत्याकडून खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापतो, म्हणजे 55,000. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत मात्र तो पूर्ण किमतीवर कापला जातो, सेससह 13 टक्के, म्हणजे 7.15 लाख, आणि परतावा येईपर्यंत ते अडकून पडतात. गिऱ्हाईक मार्चपर्यंत मिळालं नाही तर निघणं ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकला. 1 एप्रिलपासून मोजलं तर 29 सप्टेंबरला भारतातले 182 दिवस भरतात, मग ते वर्षही निवासी म्हणून धरलं जातं.

कर्ज, कर, दलाली वजा जाता तुमच्या हाती साधारण 37 लाख येतील. त्यातला दशांश, 3.7 लाख, द्यायचा तर आनंदाने द्या. तुमच्याच प्रवासाला आणि पहिल्या सामानाला लावलात तरी तो सेवेलाच गेला. उरलेल्यातले 9 लाख परतीचे: नऊ महिन्यांचा घरखर्च 55,000 प्रमाणे 4.95 लाख, बाकीच्यात तिघांची तिकिटं, घराची अनामत, भांडीकुंडी. 45 च्या आसपास पुन्हा नोकरी शोधणाऱ्याला नऊ महिने जास्त नाहीत. वडिलांच्या आजारपणासाठी 5 लाख, तुमच्या बहिणीलाही काढता येतील अशा वडिलांच्या संयुक्त खात्यात. मुलीच्या शाळेचे 8 लाख. उरतात साधारण 11 लाख, त्यांना परत येईपर्यंत हात लावायचा नाही.

म्युच्युअल फंड राहू द्या, फक्त केवायसी अनिवासी म्हणून बदलून घ्या. 14 वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी मागून घ्यायला विसरू नका: मूळ पगार 36,000 धरला तर 36,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 14, म्हणजे 2.9 लाख. दहा वर्षांहून जास्त सेवा झाल्याने पेन्शनचं प्रमाणपत्र घ्या. पीएफची रक्कम राहू द्या. नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं एवढं लक्षात असू द्या.

मलावीतला महिना कसा निघेल? कागदावर 48,000 अधिक 20,000, म्हणजे 68,000. खर्च 62,000. शिल्लक दिसते, पण ती फसवी आहे. वचन मी 75 टक्के धरतो, म्हणजे 36,000. लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे; दुसऱ्या वर्षी कुणाची नोकरी जाते, कुणाच्या घरी लग्न निघतं. मानधन क्वाचा या मलावीच्या चलनात आहे, हा दुसरा धोका. मे 2022 मध्ये क्वाचाचं 25 टक्के अवमूल्यन झालं. नोव्हेंबर 2023 मध्ये डॉलर सुमारे 1,180 क्वाचांवरून एका झटक्यात 1,700 वर गेला. एक लाख क्वाचा म्हणजे आदल्या दिवशी 85 डॉलर, दुसऱ्या दिवशी 59. तसं पुन्हा झालं तर तुमचे 20,000 होतील 14,000. हाती एकूण 50,000, तूट 12,000, दोन वर्षांची 2.88 लाख (दोनच वर्षं का धरली ते पुढे मुलीच्या शाळेपाशी सांगतो). तुमची 6 लाखांची ठेव ही तूट भरायला आहे, दुसऱ्या कशालाही नाही. क्वाचात बचत अजिबात साठवू नका. मानधन आलं की धान्य, सरपण, फी यांत त्याच महिन्यात वळवा.

साधेपणाने राहायचं तर तिथला हंगाम समजून घ्यावा लागतो. मुख्य अन्न मका. त्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्सिमा, दोन्ही वेळा. कापणी एप्रिल-मेमध्ये, टंचाईचे महिने डिसेंबर ते मार्च, आणि त्या काळात मका सगळ्यात महाग. मेमध्ये पोचलात तर जून संपायच्या आत 50 किलोच्या तीन गोण्या घेऊन ठेवा. भोक पाडणारे किडे हे तिथलं मोठं दुखणं, म्हणून हवाबंद तीन पदरी पिशव्या घ्या, आणि मका पुरता वाळलाय का ते आधी बघा: बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला आहे. ओला दाणा हवाबंद केलात तर बुरशी धरेल. डाळीची चिंता नको. मलावीच्या दक्षिण भागात तूर भरपूर पिकते, तिथे तिला नान्दोलो म्हणतात, आणि भारताने 2021 मध्ये वर्षाला 50,000 टनांपर्यंत मलावीची तूर घेण्याचा करार केला होता. म्हणजे तुमच्या इथल्या वरणात ती आधीच आली असेल. शिजायला मात्र कोळसा फार खाते: रात्रभर भिजवा, आणि इथून पाच लिटरचा कुकर, चार जादा रबरी रिंगा, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह न्या. तिथली विजेची सॉकेट ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची असतात, इथल्या मिक्सरला अडॅप्टर लागेल.

काटकसर मच्छरदाणी, पाण्याचा फिल्टर आणि औषधं यांत करायची नाही. मलेरिया वर्षभर असतो, आणि मेंदूपर्यंत जाणारा प्रकार तिथे सर्रास आहे. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या, डॉक्टरांनी ठरवून दिलेली प्रतिबंधक गोळी, आणि ताप आला की 24 तासांच्या आत तपासणी, मग तो रविवार असो की उपासनेची वेळ. इथला कौटुंबिक मेडिक्लेम परदेशातल्या उपचारांना सहसा लागू होत नाही, तरीही तो बंद करू नका; बंद केलात तर परतल्यावर जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. बाहेरची पॉलिसी घेताना तीन गोष्टी लेखी घ्या: जोहान्सबर्गपर्यंत विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, मलेरिया वगळलाय का, आणि रुग्णालयात काम करताना झालेला संसर्ग चालतो का. मुदत विमा निघण्यापूर्वी घ्या, अर्जात मलावी आणि मिशनचं काम स्पष्ट लिहून. लपवलेली माहिती दावा करायच्या दिवशीच बाहेर येते.

मुलीमुळे मी चार वर्षांच्या करारावर सही करू नका म्हणतो. दोन वर्षांचा करा, पुढे वाढवता येण्याजोगा. सातवी आणि आठवी तिथे, नववीला परत, कारण दहावीची तयारी आणि बोर्डाची कागदपत्रं नववीपासून सुरू होतात. नुसतं घरी शिकवलंत तर शाळा सोडल्याचा दाखला नसतो, आणि इथे प्रवेश घेताना तोच पहिला मागतात. म्हणून मान्यताप्राप्त शाळेतच घाला आणि फी कोणत्या चलनात ते आधी विचारा.

देणग्यांचा मार्गही नीट करा. नातेवाईक नसलेल्यांनी वर्षभरात मिळून 50,000 पेक्षा जास्त दिलं तर ती पूर्ण रक्कम तुमचं करपात्र उत्पन्न ठरते, आणि तुम्ही परदेशात आहात म्हणून ती सुटत नाही. 12 लाखांपर्यंत कर नाही असं जे म्हणतात ती सवलत निवासींची; अनिवासींना नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंतच मोकळीक. म्हणून नऊ कुटुंबांनी तुमच्या खात्यात थेट पैसे टाकू नयेत, पाठवणाऱ्या मंडळामार्फत द्यावेत. मंडळाच्या सीएला एवढंच विचारा: देशाबाहेर खर्च होणाऱ्या रकमेला न्यासाची करसवलत आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्राची मंजुरी लागते, ती आहे का? उत्तर कागदावर येईपर्यंत राजीनामा देऊ नका. निघताना बचत खाती एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्या आणि इथलं सिम रोमिंगसह चालू ठेवा. ओटीपी न आल्याने बँक आणि आयकर दोन्ही बंद पडतात.

राहिला विश्वासाचा प्रश्न. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही प्रार्थना दिवसाची आहे, हे मान्य. पण वाळवंटात इस्राएली लोकांना रोज मिळणारं अन्न, मान्ना, तोही सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितला होता, आणि बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा असं लूकच्या 14 व्या अध्यायात आहे. आपल्याकडचंच उदाहरण बघा. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने 1887 मध्ये पंडिता रमाबाईंना दहा वर्षांचा आधार कबूल केला. तो संपणार हे धरून त्यांनी आधीच केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. प्रार्थना त्या पहाटेपासून करत, आणि झाडं फळाला यायला किती वर्षं लागतात तेही त्यांना माहीत होतं.

तंगीत प्रार्थना कराल तेव्हा उपयोगी पडेल अशी एक गोष्ट निघण्यापूर्वी करा. दोघांनी सही करून एक कागद पाळकांकडे ठेवा: 6 लाखांची ठेव 3 लाखांवर आली की मंडळाला आकड्यांसह पत्र जाईल, 2 लाखांवर आली की परतीची तिकिटं काढली जातील. हे आकडे तिथे, ताप अंगात असताना किंवा तिसऱ्या महिन्यात देणगी चुकलेली असताना, बदलायचे नाहीत. गरज लोकांना सांगायची की फक्त देवाला, यावर म्यूलरांचं मत एक आणि कित्येक मिशनांचं दुसरं. ते तुम्ही ठरवा. पण दर महिन्याच्या प्रार्थनापत्रात किती आलं आणि कशावर गेलं याच्या चार ओळी असू द्या. पहिलं पत्र जूनअखेरीला, मक्याच्या गोण्यांच्या पावतीसकट.